असूनही न सापडलेलं टिपण: एका अनुवादिकेच्या नोंदींचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकीकत एका अनुवादिकेची आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. चुका आणि निर्णय मात्र घडले त्याच क्रमाने ठेवले आहेत. माझा यातला वाटा तांत्रिक मदतनिसाचा. मदत करता करता मी घातलेला एक गोंधळही पुढे येईल.

अनुवादिका वीसेक वर्षं लोकप्रिय विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीतून मराठीत आणतात. त्या वेळी हातात असलेलं पुस्तक माती आणि तिच्यातल्या सूक्ष्म जीवांवर होतं. अशा पुस्तकांत वाक्यं फारशी अडवत नाहीत, शब्द अडवतात. इंग्रजीत शब्द एकच, आणि मराठीत दारात उभे बुरशी, कवक आणि अळंबी. अळंबी म्हणजे जमिनीवर दिसणारी छत्री. बुरशी म्हटलं की ओल्या भिंतीवरचा थर डोळ्यांपुढे येतो. कवक नेमका आहे, त्यात यीस्टपासून छत्रीपर्यंत सगळं मावतं. पण पाठ्यपुस्तकाबाहेर तो क्वचितच भेटतो. यातला कुठला शब्द कुठे वापरायचा हे एकदा ठरवायचं आणि मग शेवटच्या पानापर्यंत पाळायचं, हे खरं काम.

असे निर्णय त्या लिहून ठेवत. आळस अजिबात नव्हता. पण लिहिण्याच्या जागा पाच होत्या: टिपणांचं एक ॲप, ज्यात दहा वर्षांची सुमारे ३,००० टिपणं साठली होती, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज, हस्तलिखिताच्या फाइलमध्ये समासात टाकलेल्या टिप्पण्या, फोनमधले पुस्तकांच्या पानांचे फोटो, आणि एक वही. "वहीबद्दल बोलायचं नाही," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. मीही बोललो नाही.

अडचण

पहिल्या नऊ प्रकरणांवर संपादकांचा अभिप्राय आला. भाषेबद्दल ते खूश होते, पण सोबत एक यादी होती. एकच संज्ञा दुसऱ्या प्रकरणात 'कवकजाल', सातव्यात 'तंतुजाल' आणि नवव्यात 'बुरशीचं जाळं'. मेलेल्या जैव पदार्थांवर जगणाऱ्या जिवांसाठी दोन ठिकाणी 'मृतोपजीवी' आणि एका ठिकाणी 'कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारे'. अशा बावीस जागा होत्या.

यादीपेक्षा त्यांना दुसरीच गोष्ट लागली. 'मृतोपजीवी' वापरायचा की नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांशी बोलून, कारणासकट. "मी हे लिहिलंय. पाऊस पडत होता, आडोशाला उभी राहून फोनवर लिहिलं, तेवढंसुद्धा आठवतंय मला." लॅपटॉपवर ॲप उघडून त्यांनी 'कुजणाऱ्या' शोधलं. एकही निकाल नाही. पुन्हा शोधलं, तरी नाही.

मग नाइलाजाने सगळी वाट पुन्हा चालणं आलं. कोश काढले, विचार केला, निर्णय घेतला. गंमत अशी की या वेळी निर्णय उलटा निघाला. दोनेक आठवड्यांनी फोनवर सहज बोट फिरवताना जुनं टिपण समोर आलं. त्याच्या शीर्षकातला पहिलाच शब्द 'कुजणाऱ्या' हा होता.

तेव्हा मला फोन आला. "ॲप बिघडलंय. दुसरं कुठलं घेऊ ते सांग."

ॲप बिघडलेलं नव्हतं. दोन 'कुजणाऱ्या' होते. डोळ्यांना एकसारखे, संगणकाला वेगळे. फोनच्या कीबोर्डवर ऱ्या लिहिताना 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलं जात होतं. लॅपटॉपवरचा जुना कीबोर्ड तोच आकार साध्या 'र'पासून बनवत होता: र, त्यापुढे हलन्त, त्यापुढे एक न दिसणारं चिन्ह, ज्याला शून्य रुंदीचा जोडक म्हणता येईल. पडद्यावर दोन्ही वेळी तोच अर्धा, लोंबता र दिसतो. इथे दोन्ही शेजारी शेजारी लिहून दाखवले तरी फरक दिसायचा नाही, म्हणून लिहीत नाही. शोध मात्र अक्षरांचे आकार बघत नाही. त्यामागचे क्रमांक जुळतात का एवढंच बघतो.

तोच प्रकार 'ॲ'चा. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. हे अक्षर स्वतंत्रपणे तिच्यात आलं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी 'अ'वर चंद्र चढवून भागवलं जाई, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. मातीच्या पुस्तकात 'ॲमिनो आम्ल' किती वेळा येत असेल याचा अंदाज करा. 'दुसऱ्या', 'जगणाऱ्या', 'सोडणाऱ्या', 'वाऱ्यावर' यांची तर मोजदादच नको. मराठीत टिपणं ठेवणाऱ्याच्या वाट्याला येणारी ही अडचण आहे. टिपणं कशी ठेवावीत यावरच्या इंग्रजी व्हिडिओंत तिचा उल्लेख असण्याचं कारणच नाही.

तसे व्हिडिओ त्यांनी मला बोलावण्याआधीच पाहिले होते. त्यातून निकलास लुमान यांच्या पेटीची ओळख झाली. विसाव्या शतकातल्या या जर्मन समाजशास्त्रज्ञांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्या क्रमांक देऊन, एकमेकींकडे बोट दाखवत जमवल्या होत्या आणि त्या जोरावर डझनावारी पुस्तकं लिहिली. अनुवादिकेनेही क्रमांक द्यायला सुरुवात केली. एका चिठ्ठीची शाखा, शाखेची उपशाखा. तीन आठवडे गेले आणि अनुवादाचं एक पानही पुढे सरकलं नाही. लुमान स्वतःचा सिद्धांत उभारत होते. त्यांना चिठ्ठ्यांमधून अनपेक्षित काहीतरी निघायला हवं होतं. अनुवादकाला नेमकं उलटं हवं असतं. मागच्या वेळी काय ठरलं तेच, तसंच, आत्ता. हा फरक ध्यानात आला तेव्हा क्रमांक देणं थांबलं.

कोणते पर्याय होते

पहिला निर्णय होता: नवं साधन हवं का? मी चाचणी केली. दोन्ही लेखनांतली काही टिपणं आणखी तीन साधनांत टाकली आणि शोधून पाहिली. एकानेही दोन्ही एकत्र आणून दिली नाहीत. म्हणजे साधन बदलून मूळ दुखणं जाणार नव्हतं. इथेच थांबून जुन्या ॲपमध्ये आवराआवर करणं हा पर्याय खरा होता, आणि आम्ही तो दोन दिवस मनावर घेतलाही. पण तीन हजार टिपणांत एकेक करून अक्षरं कोण दुरुस्त करणार? त्या ॲपमध्ये सगळ्या टिपणांवर एकदम शोधून-बदलण्याची सोय नव्हती.

त्यामुळे निवडीचा निकषच बदलला. 'यात शोध चांगला आहे का' याऐवजी 'यातला मजकूर मला बाहेरून दुरुस्त करता येतो का' हे आम्ही विचारू लागलो.

या निकषावर ऑब्सिडियन पुढे गेलं. २०२० साली आलेलं हे ॲप टिपणं साध्या मजकुराच्या फाइल म्हणून स्वतःच्याच संगणकावरच्या फोल्डरमध्ये ठेवतं. फाइलमध्ये मार्कडाउन असतं, म्हणजे जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडलेली साध्या खुणांनी मजकूर सजवण्याची पद्धत. उद्या ॲप बंद पडलं तरी कुठल्याही साध्या संपादकात फाइल उघडते, आणि एक छोटा प्रोग्राम सगळ्या फाइलींवरून एका दमात फिरवता येतो. मुक्त स्रोत असलेलं जॉपलिनही चाललं असतं. पण ते टिपणं आतल्या डेटाबेसमध्ये ठेवतं. मार्कडाउनमध्ये बाहेर काढता येतात, पण मग दुरुस्त करून परत आत घ्यायची. एक फेरी जास्त.

नोशन या टिपणं आणि तक्ते ठेवण्याच्या ॲपवर अनुवादिकेचा जीव जडला होता. तक्त्यात रकाने पाडून संज्ञांची यादी त्यात फार देखणी होते. चार दिवस त्यांनी तक्ता बांधला, त्याला तीन प्रकारची दृश्यं दिली, प्रत्येक संज्ञेपुढे चित्रखूण लावली. संज्ञा भरल्या अकरा. यात दोष साधनाचा नाही. पण काम पुढे ढकलायला इतकं गोड निमित्त मिळालं की ते कुणीही घेईल.

त्या चार दिवसांतून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. त्यांच्या नोंदी मुळात दोन जातींच्या आहेत हे उघड झालं. एक, संज्ञा: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, कारण. यांना तक्ता हवा. दोन, बाकी सगळं: मूळ लेखकाच्या शैलीबद्दलचे विचार, एखादा परिच्छेद का सुटत नाही, प्रस्तावनेसाठी कच्चे मुद्दे. यांना मोकळं पान हवं. एकाच साधनात दोन्ही कोंबायचा हट्ट आम्ही दोघांनीही सोडला.

संज्ञांसाठी अनुवादकांचं खास सॉफ्टवेअर घ्यावं, असं मी सुचवलं. ओमेगा-टी मोफत आहे, त्याची शब्दसूची म्हणजे टॅबने रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल असते: मूळ शब्द, प्रतिशब्द, शेरा. वाक्य उघडलं की त्यातल्या संज्ञांचे ठरलेले प्रतिशब्द बाजूच्या चौकटीत आपोआप येतात. शोधायची गरजच नाही. मला हे उत्तर जवळजवळ परिपूर्ण वाटलं होतं. त्यांनी एक प्रकरण करून पाहिलं आणि नको म्हणाल्या. ते सॉफ्टवेअर मजकूर एकेका वाक्यात तोडून समोर ठेवतं. "मी परिच्छेद अनुवादते, वाक्य नाही. दोन इंग्रजी वाक्यांचं मराठीत एक होतं, कधी एकाची तीन होतात. इथे प्रत्येक वाक्यावर कुणीतरी हजेरी घेतंय असं वाटतं." माहितीपत्रकं, करार यांच्यासाठी ते उत्तम आहे. या पुस्तकासाठी त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

काय केलं

सुरुवात निर्यातीपासून, म्हणजे जुन्या ॲपमधली टिपणं फाइलींच्या रूपात बाहेर काढण्यापासून केली. सगळं एकदम काढण्याआधी दहाच टिपणं काढून पाहिली: एक फोटो असलेलं, एक तक्ता असलेलं, एक दहा वर्षांपूर्वीचं, एक लांबलचक. या दहांनी दोन गोष्टी उघड केल्या. फाइलची तारीख निर्यातीच्या दिवसाची होत होती, आणि फोटो वेगळ्या फोल्डरात निनावी पडत होते. तारखांचं महत्त्व होतं, कारण दोन परस्परविरोधी निर्णयांत नंतरचा कुठला हे त्यावरूनच कळणार. म्हणून मूळ तारीख प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत मजकूर म्हणून लिहून घेतली.

पुढचा निर्णय या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो त्यांचा आहे. तीन हजार टिपणांची वर्गवारी करायची नाही. ती सगळी 'जुनं' नावाच्या फोल्डरात जशीच्या तशी. काम करताना एखादं टिपण शोधावं लागलं आणि उपयोगी पडलं, तरच ते नव्या जागी हलवायचं, आणि हलवतानाच नीट करायचं. माझा आग्रह होता की एक आठवडा काढून सगळं लावून टाकू. तो आठवडा महिना झाला असता, आणि लावलेल्यातलं बरंचसं पुन्हा कुणी उघडलंही नसतं. सहा महिन्यांत अडीचशेच्या आसपास टिपणं हलली. उरलेली तिथेच आहेत, शोधात येतात, कुणाला त्रास देत नाहीत.

मग अक्षरांची दुरुस्ती, आणि माझा गोंधळ. मी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. युनिकोडमध्ये 'सामान्यीकरण' नावाची ठरलेली प्रक्रिया आहे. 'र'खाली नुक्ता देऊन लिहिलेला ऱ आणि स्वतंत्र 'ऱ' यांना ती एकरूप करते. पण जोडकवाला अर्धा र आणि चंद्र चढवलेला अ तिच्या कक्षेत येत नाहीत, ते नियम वेगळे लिहावे लागतात. तसे लिहिले, आधी सगळ्याची प्रत काढून ठेवली, प्रोग्राम चालवला. 'कुजणाऱ्या' शोधल्यावर दोन्ही टिपणं आली. आम्ही आनंदात फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी निम्मे दुवे तुटलेले. ऑब्सिडियनमध्ये एका टिपणातून दुसऱ्याकडे जाताना दुहेरी चौकटी कंसात त्याचं शीर्षक लिहितात, आणि शीर्षक म्हणजे फाइलचं नाव. मी फाइलींच्या आतला मजकूर सुधारला होता, फाइलींची नावं नाही. दुवा नव्या लेखनात, नाव जुन्या लेखनात. त्यात दुव्यावर टिचकी मारली की त्या नावाचं नवं, कोरं टिपण तयार होत होतं. अनुवादिकेने माझ्याआधी उठून अशी नऊ कोरी टिपणं केली होती, आणि फोल्डरमध्ये डोळ्यांना अगदी एकाच नावाच्या दोन दोन फाइली दिसत होत्या. प्रत होती म्हणून निभावलं. नावांसकट पुन्हा सगळं चालवलं. नंतर लॅपटॉपवरचा कीबोर्ड बदलला, म्हणजे नवीन टिपणांत जुनं लेखन शिरणं बंद झालं. हे आधी करायला हवं होतं; नळ चालू ठेवून फरशी पुसण्याचा प्रकार झाला.

टॅगांचं प्रकरणही सांगण्यासारखं आहे. जुन्या ॲपमध्ये शंभराच्या वर टॅग होते: माती, बुरशी, जीवशास्त्र, शब्द, शब्दनिर्णय, महत्त्वाचं, फार महत्त्वाचं. नव्या जागी चारच ठेवले: ठरलं, विचारायचं, तपासायचं, सोडलं. विषयाचा टॅग शोधाचंच काम पुन्हा करतो. 'बुरशी' टॅग नसला तरी 'बुरशी' शोधल्यावर टिपण येतंच. पण निर्णय पक्का आहे की अधांतरी, हे मजकुरात शोधून कळत नाही. प्रकरण संपादकांकडे पाठवण्याआधी 'विचारायचं' उघडायचं आणि ते रिकामं करायचं, एवढा नेम ठरला.

संज्ञांसाठी साधं स्प्रेडशीट. रकाने पाच: मूळ शब्द, प्रतिशब्द, कारण, तारीख, आणि 'वापरायचं नाही'. शेवटच्या रकान्यात टाकून दिलेले पर्याय. 'कवकजाल'समोर 'तंतुजाल', 'बुरशीचं जाळं'. प्रकरण लिहून झालं की या रकान्यातला एकेक शब्द हस्तलिखितात शोधायचा. सापडला तर चूक. लिहिताना मन मोकळं राहतं, तपासणी शेवटी एकदाच होते. वाक्यं तोडणाऱ्या सॉफ्टवेअरकडून मिळणारा फायदा बऱ्याच अंशी असा मिळाला. 'कारण' हा रकाना रिकामा ठेवायला मनाई आहे. 'मृतोपजीवी'बाबतचे दोन उलट निर्णय शेजारी ठेवले तेव्हा जुन्या टिपणातलं कारण वजनदार ठरलं: लेखक त्या जिवांना मातीचे पोशिंदे म्हणून रंगवतो आहे, आणि 'मृतोपजीवी'त वाचकाला आधी मृत्यू ऐकू येतो. शब्द बदलला, आधीच्या प्रकरणांतही.

व्हॉट्सॲपवर स्वतःला मेसेज पाठवणं बंद करा, असं मी सांगून पाहिलं. ऐकलं नाही. आता शुक्रवारी त्या बसून ते मेसेज आत हलवतात आणि पुसतात. चालतंय.

काय झालं

उरलेल्या प्रकरणांवर संपादकांची यादी आली तीत चार जागा होत्या. त्यातल्या तीन चित्रांखालच्या ओळींमधल्या. त्या वेगळ्या फाइलमध्ये होत्या आणि तपासणीतून सुटल्या होत्या. संज्ञांचा तक्ता हस्तलिखितासोबत पाठवला, आणि संपादकांनी त्यावरूनच पुस्तकाची शब्दसूची तयार केली.

टिपणांचं जाळं ठिपक्या-रेषांत दाखवणारं दृश्य त्यांनी दोनदा उघडलं. "सुंदर आहे," म्हणाल्या. त्यानंतर उघडल्याचं मला ठाऊक नाही. फोन आणि लॅपटॉपवर एकच टिपण एकाच वेळी बदललं की दोन प्रती होतात, ही कटकट अधूनमधून होते.

जे सुटलंच नाही ते जुन्या फॉन्टमधल्या फाइलींचं. देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये आहे, पण छपाईची कामं त्यानंतर कितीतरी वर्षं खास फॉन्टवर चालली. त्या फाइली आज उघडल्या की रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. रूपांतर करून पाहिलं. वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे जातात, आणि प्रत्येक ओळ पुन्हा वाचावी लागते. त्या सध्या 'जुनं'मध्येही नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

साधनांची तुलना सुरू करण्याआधी मी त्यांना एकच गोष्ट विचारायला हवी होती: गेल्या महिन्यात कुठले तीन शोध फसले? त्या तीन शोधांची उत्तरपत्रिका बनवून प्रत्येक साधन तपासलं असतं तर नोशनचे चार दिवस आणि ओमेगा-टीचं एक प्रकरण वाचलं असतं. अर्थात नोशनच्या तक्त्याशिवाय नोंदींच्या दोन जाती दिसल्या असत्या का, याबद्दल मी साशंक आहे.

प्रोग्राम आधी वीस फाइलींवर चालवून, दोन दिवस वापरून, मग सगळ्यांवर चालवायला हवा होता. निर्यातीच्या वेळी दहा टिपणांची चाचणी घेणारा माणूस दुरुस्तीच्या वेळी एवढा धीट कसा झाला, हे मला आजही कळत नाही.

आणि चित्रांच्या ओळी. पुस्तकाचा मजकूर किती फाइलींत पसरलाय याची यादी पहिल्याच दिवशी करायची राहून गेली.

सध्या नवं पुस्तक चालू आहे, जंगलांवरचं. त्याचा लेखक वैज्ञानिक वर्गीकरणावर भर देतो, त्यामुळे 'बुरशी' चालत नाही, 'कवक'च हवं. तक्त्यात मात्र 'कवक' हा 'वापरायचं नाही'मध्ये बसलेला. अनुवादिकेने सहावा रकाना वाढवला आहे: 'कुठल्या पुस्तकासाठी'. मला वाटतं, प्रत्येक पुस्तकाचा तक्ता वेगळा ठेवावा. त्या म्हणतात, मग मागच्या पुस्तकातलं कारण समोर कसं येणार? अजून ठरलेलं नाही. ते टिपण 'विचारायचं'मध्ये आहे.